डाव्या खिशाची शिवण आणि तपासणीचे अकरा शब्द

तीर्थरूप मामांना, सुईनं टोचलेल्या दहाही बोटांचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामीच्या डाव्या कानाला ऐकू येऊ लागलं, की अजून ती तुमच्या डाव्या हाताला बसूनच भांडते? मी मजेत आहे. म्हणजे येत्या सोमवारी साडेनऊला माझ्यापायी एका मुलीची नोकरी जायची आहे, तेवढं सोडलं तर भूक वगैरे व्यवस्थित लागते.

कॉलेज सोडल्यावर (पेपराच्या वेळी सरांनी माझ्याकडे बघून नुसतं 'हं' केलं आणि मी उत्तरपत्रिका त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो, ते 'हं' सर्दीचं होतं, हे मागाहून कळलं) मी रेनकोटच्या कारखान्यात लागलो, हे आईनं कळवलं असेलच. इथे एका माणसाकडे कोटाचा एकच भाग. कोणी बाही, कोणी टोपी. माझ्याकडे डावा खिसा. शिवलेले कोट वरच्या मजल्यावर जातात. तिथे मुली दिव्याच्या टेबलावर कोट उलटा पसरून बघतात आणि पास झाला की खिशात छापील चिठ्ठी टाकतात, 'इन्स्पेक्टेड बाय', पुढे बघणारीचा नंबर. दोष निघाला तर त्या जागी लाल दोरा बांधून, काय चुकलं ते कागदावर लिहून कोट शिवणाऱ्याकडे परत. महिन्यात पाच कोट परत आले की शिवणाराही घरी परत.

माझा पहिला कोट खरोखर चुकून परत आला. कागदावर लिहिलं होतं, 'टाका सुटलाय. घाई कशाला?' खाली सात. आता मामा, टाका सुटलाय हे लिहिणं नियमात बसतं. 'घाई कशाला' हे कुठल्या नियमात बसतं? त्या दोन शब्दांवर मी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी मुद्दाम एक टाका सोडला. उत्तर आलं, 'पुन्हा तेच. दोरा महाग झालाय का?' तिसऱ्यांदा आलं, 'डोळे दाखवून घ्या.' चौथ्यांदा नुसतंच, 'मला कळतंय.' त्या दिवशी मी डबा न उघडता घरी नेला आणि आईला म्हणालो, भाजी छान झाली होती.

तोवर मी तिला पाहिलंही नव्हतं (त्यांची जेवणाची सुट्टी बाराला, आमची एकला), म्हणून वेळ घालवायला मी तिच्या चिठ्ठीवरच्या 'इन्स्पेक्टेड' या शब्दाचा अभ्यास धरला. कॉलेजात ज्या डिक्शनरीची उशी केली होती ती उघडली आणि चक्रावलोच. इंग्रज माणसाला एवढं तपासायचं तरी काय होतं? तपासणीच्या आसपासचे अकरा शब्द निघाले, आणि एकाच्या जागी दुसरा बसवला की वाक्य लंगडतं. डॉक्टर पेशंटला एक्झॅमिन करतो, इन्स्पेक्ट करत नाही. केलं तर पेशंट उठून जाईल. ब्रेकची टेस्ट घेतात, म्हणजे दाबून बघतात, टिकतो का. गॅस बंद आहे का हे नुसतं चेक करायचं, त्याला एक्झॅमिन करत बसलं तर दूध उतू जातं. स्क्रूटिनी म्हणजे आमची आत्या कोणाच्या साडीचा पदर बघते तशी. व्हायवात तोंडानं उत्तर द्यावं लागतं. आणि इन्स्पेक्शनमध्ये गंमत अशी, की ज्याची तपासणी होते त्याला कोणी काही विचारतच नाही. त्यानं दिव्याखाली उलटं पडून राहायचं. हे वाचलं आणि मला कोटांचा हेवा वाटला.

आता मुद्द्यावर येतो. मोजण्यात माझी चूक झाली. पहिला, खरोखर चुकलेला, मी हिशेबात धरलाच नाही; तीनच परत आलेत असं समजून आणखी एक टाका सोडला, आणि तो पाचवा होता. तो कोट परत आलाच नाही. पास होऊन दुकानात गेला, विजेचे मीटर वाचणाऱ्या एका माणसानं घेतला, खिशात पाणी शिरून त्याची आठवड्याची नोंदवही लगदा झाली आणि आत चिकटलेल्या चिठ्ठीवर सात नंबर. सोमवारी हेड ऑफिसचे साहेब चौकशीला येणार. मी तडक सुपरवायझरकडे गेलो, म्हटलं दोष माझा.

"तुझा तर आहेच रे, हिरो. तिला दिसला कसा नाही, हा प्रश्न आहे. साहेबांना फक्त इंग्रजी कळतं. लिहून आण."

"तुम्हीच लिहा ना."

"मला येत असतं तर तुझं तोंड बघत बसलो असतो का?"

मी स्टुलाला लाथ मारली. स्टूल लोखंडी आहे. (अंगठा काळानिळा आहे, आईला सांगू नका.)

तेव्हापासून एकच वाक्य लिहितोय, की तिनं तो कोट नीट तपासला होता. चेक लिहिलं तर साहेब म्हणतील, वरवर बघितला. टेस्ट म्हणावं तर पाणी ओतून बघायला हवं होतं. एक्झॅमिन म्हटलं तर मग दोष सुटला कसा?

आपला,
लंगडणारा भाचा

ता. क. तुम्ही चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलंत. ते एक वाक्य तुम्ही लिहून द्या. पत्र उद्या सकाळी तुमच्याकडे येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती पाठवतोय, उत्तर त्यांच्याच हाती द्या.

दुसरा ता. क. वाक्य लिहू नका. आज सुटल्यावर ती जिन्यात उभी होती. माझ्या कल्पनेपेक्षा बुटकी आहे, आणि चिडलेली. म्हणाली, तिनं स्वतःच लिहून दिलंय. माझ्या अकरापैकी एकही शब्द त्यात नाही. 'आय सॉ इट.' एवढंच. तिला टाका दिसला होता. मी विचारलं, मग पास का केलात? ती म्हणाली, "चार झाले होते. तुम्हाला मोजता येत नाही, मला येतं." मी तिथल्या तिथे साहेबांचं डोकं फोडायची तयारी दाखवली, तर म्हणाली, सोमवारी तुमच्याकडचं कोणीतरी वडीलधारं माणूस बरोबर आणा, तुम्हाला धरून ठेवायला.

तिसरा ता. क. तेव्हा मामा, सोमवारी नऊलाच फाटकाशी या. ते करडं जाकीट घालणार असाल तर आधी मामीकडून त्याच्या काखेतली उसवण शिवून घ्या. ही मुलगी माणसाच्या तोंडाआधी शिवण बघते, आणि या खेपेला माझ्याकडचं काहीही परत यायला नको आहे.