गोळाभाताचं प्रात्यक्षिक

३ जानेवारी, शनिवार

निवृत्त माणसानं समाजाला काहीतरी द्यावं. मी गोळाभात देणार.

झालं असं. धरमपेठेतल्या आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष मधुवंतीताई आज लतिकाकडे आल्या होत्या. मंडळ फेब्रुवारीपासून निवृत्त पुरुषांसाठी स्वयंपाकाचा वर्ग काढतं आहे आणि शिकवायला माणूस हवा आहे. मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, माणूस समोर बसलाय. लतिका चहा घेऊन येत होती, तिनं ट्रे माझ्या पेपरवरच ठेवला. मधुवंतीताई म्हणाल्या की अठरा तारखेला हळदीकुंकू आहे, तेव्हा सगळ्यांसमोर एक पदार्थ करून दाखवा, मग ठरवू. म्हणजे फॉर्मॅलिटी.

त्या गेल्यावर लतिकानं विचारलं, "काय करणार?"
"गोळाभात."
"तुम्ही?"
तिला इतकं भारावलेलं मी लग्नानंतर प्रथमच पाहिलं.

माझं क्वालिफिकेशन: बत्तीस वर्षं गोळाभात खातो आहे. शिवाय बँकेच्या ट्रेनिंग सेक्शनमध्ये होतो. स्वतः कधीही न केलेलं काम दुसऱ्याला शिकवणं, हीच तर माझी नोकरी होती.

संकल्प: उद्यापासून रोज प्रॅक्टिस.

५ जानेवारी, सोमवार

सीताबर्डीत जाऊन ॲप्रन शिवायला टाकला. छातीवर 'शेफ श्रीधर'. टोपी उंच सांगितली आहे. दुकानदार म्हणाला, "साहेब, हॉटेल टाकून राहिले का?" मी नुसता हसलो.

संध्याकाळी भाषणाचा मसुदा. 'तांदूळ आणि मानव: एक प्रवास'. सध्या फक्त शेतीच्या शोधापर्यंत आलो आहे.

प्रॅक्टिस उद्या.

७ जानेवारी, बुधवार

फार थंडी. पाण्यात हात घालवत नाही.

दिवस वाया मात्र गेला नाही. मोबाईलवर मोठ्या शेफ लोकांचे व्हिडिओ पाहिले आणि मर्म सापडलं. ही मंडळी पदार्थ भांड्यात टाकतात, झाकण ठेवतात आणि लगेच टेबलाखालून दुसरं, तयार भांडं काढतात! म्हणजे स्वयंपाक फक्त झाकण ठेवेपर्यंतच करायचा असतो. हे आधी कुणी का सांगितलं नाही? बायका उगाच सकाळभर ओट्याशी उभ्या असतात.

९ जानेवारी, शुक्रवार

प्रॅक्टिस केली! गोळे वळले. एकसारखे, गुळगुळीत. शिजवले नाहीत. शिजवणं ही गॅसची जबाबदारी आहे.

लतिका मध्येच येऊन पीठ बोटांत घेऊन गेली. म्हणे, हे बेसन आहे. गोळाभाताला हरभऱ्याच्या डाळीचा भरडा लागतो, जाडसर. मोहनही नीट घालावं लागतं, नाहीतर गोळे भातात विरघळतात. मी तिला शांतपणे समजावलं की बारीक पीठ जाड्यापेक्षा महाग मिळतं, अर्थात ते वरच्या दर्जाचं.

ती म्हणाली, "विरघळतील हो."
मी म्हणालो, "माझे नाही विरघळणार."
ती सांभाराची जुडी निवडायला निघून गेली. लॉजिकपुढे माणूस काय बोलणार?

१३ जानेवारी, मंगळवार

टेबलाखालचं भांडं करून दे, असं लतिकाला सांगितलं. तिनं साफ नकार दिला. "ॲप्रनवर नाव तुमचं, वर्ग तुम्हाला पाहिजे, मग भात मी काहून करू?" सणाच्या आदल्या दिवशी असं बोलणं शोभत नाही, हे मी तिला मनातल्या मनात सुनावलं.

मग देवाजीकडे गेलो. देवाजी लग्नकार्याची कंत्राटं घेणारा आचारी. शहरभर ओळखी, त्यामुळे गुप्तता महत्त्वाची. 'गोळाभात' हा शब्द तोंडातून जाऊ दिला नाही. एवढंच म्हणालो, "आपला वऱ्हाडी पंगतीचा भात. डाळीचा. वरून फोडणीचं तेल. समजलं ना?"

"समजलं साहेब. टेन्शन काहून घेता? अस्सा भात देतो, लोक बोटं चाटतील."

हुशार माणूस. एकदाही नाव विचारलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

ॲप्रन आला. टोपी अपेक्षेपेक्षा उंच आहे, दारातून जाताना वाकावं लागतं. भाषण पाठ. वर्गाच्या पहिल्या दिवशी काय बोलायचं तेही लिहून काढलं, आणि विद्यार्थ्यांनी मला 'सर' म्हणावं की 'शेफ' यावर विचार केला. 'सर' बरं. साधेपणा राहतो.

१८ जानेवारी, रविवार, सकाळी

देवाजीचं पातेलं आलं. वाफ जाऊ नये म्हणून झाकणाला कडेनं कणीक लावून पक्कं बंद केलं आहे. काय ही व्यावसायिकता!

लतिका म्हणाली, "एकदा उघडून तरी बघा."
मी म्हणालो, वाफ जाईल. विश्वास नावाची गोष्ट असते.

१८ जानेवारी, रात्री

कार्यक्रम झाला. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे आठवणी लिहिताना उपयोग होईल.

हॉल भरलेला. भाषण उत्तम सुरू झालं. मी सिंधू संस्कृतीपर्यंत पोचलो असताना पहिल्या रांगेतल्या मीराबाई उभ्या राहिल्या. या मधुवंतीताईंच्या मावशी, नरखेडहून आलेल्या. म्हणाल्या, "भाऊ, भात कवा होईन? मले संध्याकाळच्या एसटीनं जाचं हाय."

ग्रामीण श्रोत्यांचा मान राखून मी इतिहास आवरला. मंडळाच्या बायकांनी गॅस पेटवून आधीच चढवलेल्या, अर्धवट शिजलेल्या भातात गोळे ठेवले, एकेक गोळा हात उंच करून सगळ्यांना दाखवत. झाकण ठेवलं. म्हणालो, "आता चांगली वाफ येऊ द्यायची. पण आपल्या सोयीसाठी..." आणि वाकून टेबलाखालून पातेलं काढलं. टोपी पडली. टाळ्या.

कणीक सुरीनं कापली, झाकण उचललं. घमघमाट! पुन्हा टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या.

भातावर वडे होते. तळलेले, खमंग, कुस्करायला तयार. देवाजीनं वडाभात दिला होता.

मीराबाई म्हणाल्या, "काहून गा भाऊ, टाकले गोळे अन् निंगाले वडे?"

मी डगमगलो नाही. म्हणालो, उष्णतेनं पदार्थाचं रूप बदलतं.

मागून कुणीतरी विचारलं, "पण तळले कुठं?"
"आतल्या आत," मी म्हणालो.

मीराबाई शेजारणीला म्हणाल्या, "आपण उगाच कढई घेऊन बसतो वं!"

हे चाललं असताना मधुवंतीताईंनी, कारण नसताना, गॅसवरचं पहिलं पातेलं उघडलं. आत एकही गोळा नव्हता. पिवळं, घट्ट काहीतरी होतं, त्यात डाव घातला तर डाव उभा राहिला. अर्धा हॉल म्हणाला पिठलं, अर्धा म्हणाला खिचडी. चर्चा बराच वेळ रंगली. श्रोत्यांचा असा सहभाग ट्रेनिंग सेक्शनमध्ये मला कधी मिळाला नव्हता.

वडाभात मात्र पुसून संपला. कितीतरी जणींनी माझ्याकडे फोन नंबर मागितला. देवाजीचा. पातेल्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं.

लतिका शेवटच्या रांगेत तोंडाला पदर लावून बसली होती. खांदे हलत होते. नवऱ्याचं यश पाहून बायका अशा भावुक होतात.

१९ जानेवारी, सोमवार

शांतपणे विचार केला. चूक संपूर्ण देवाजीची. तो म्हणतो, "साहेब, नाव तर सांगाचं!" कंत्राटदाराची मनोवृत्ती.

मधुवंतीताईंचा फोन आलेला नाही. बहुधा माझ्या मानधनावर मीटिंग चालू असेल.

२१ जानेवारी, बुधवार

फोन आला! मीच उचलला. घसा साफ करून म्हणालो, "जबाबदारी मोठी आहे, पण मी स्वीकारतो."

त्या म्हणाल्या, "हो का? बरं झालं भाऊजी, तुमचं नाव विद्यार्थ्यांत टाकूनच ठेवलंय. आता जरा लतिकाला द्या, शिकवायला ती येतेय ना?"

फोन दिला. ती हो म्हणाली. मला एका शब्दानं विचारलं नाही.

दिवसभर बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी विचार केला. अनुभवी माणूस वर्गात बसला तर शिक्षिकेला आधार वाटतो. जाणार.

२ फेब्रुवारी, सोमवार

पहिला वर्ग. सगळे मिळून पाच जण, सगळे निवृत्त. ॲप्रन घालून गेलेला मी एकटाच. लतिकानं मला मागच्या रांगेत बसवलं. टोपीमुळे दिसत नाही, अशी पुढच्यांची तक्रार. आजचा धडा: साधा भात, कुकरमधला. वाटीला किती पाणी, शिट्ट्या किती. मी दोनदा हात वर केला, ती पहिल्या रांगेतल्या केशवरावांनाच विचारत राहिली. ते लिहून घेत होते. मला गरज वाटली नाही.

घरी आल्यावर विचारलं, जेवायला काय आहे?

लतिका म्हणाली, "गृहपाठ."

ठीक आहे. तांदूळ धुतले, पाणी मोजून घातलं, कुकर लावला आणि खुर्ची घेऊन समोर बसलो. कितीतरी वेळ झाला, एक शिट्टी नाही. मी लतिकाला हाक मारून स्पष्ट सांगितलं, कुकर बिघडलाय, नवीन आणावा लागेल.

तिनं येऊन गॅस पेटवला.