तुझं सील

जुळे सोलापूर
९ मे २०२५

प्रिय नंदीश,

कसा आहेस? तुझ्या आईचे, काशम्माकाकूंचे, गुडघे काय म्हणतात? इथे ऊन नुसतं भाजून काढतंय.

माझ्या पीएचडीबद्दलचा तुझा मेसेज मिळाला, "डॉक्टरबाई झालात की! अभिनंदन." आज चार दिवसांनी लिहायला बसलेय. चिंचोळीला कपडे धुवायच्या पावडरीच्या कारखान्यात लागलास म्हणे. म्हणजे तिथेही आपल्या प्रयोगाचंच तेल! ज्यात आपण न्यूट्रिनो धरायला निघालो होतो, त्याचीच तिथे पावडर होते. हसायला हवं, पण मला हसू आलं नाही.

काकूंना आपण समजावलं होतं, न्यूट्रिनो हा इतका बारीक कण, की सगळ्यातून आरपार जातो. क्वचित एखादा या तेलात आदळतो आणि बारीकसा उजेड पडतो. तो दिसायला तेल वर्षभर नितळ राहायला हवं; हवा लागली की ते पिवळं पडतं, म्हणून आपण प्रत्येकाने आपापली बाटली नायट्रोजन भरून सील केली होती. काकू म्हणाल्या, "दिसत न्हाय, लागत न्हाय, तर धरून करणार काय?"

आठव्या महिन्यात तुझी बाटली पिवळी पडली. आपल्या गाइड सरांनी लॅबमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, नायट्रोजन भरताना झोपला होतास का. तू एवढंच म्हणालास, "मी नीट भरलंतं की, सर. हवा आत जायचं कारणच न्हाय." तुझी फेलोशिप गेली. मी मान खाली घालून आकडे लिहीत बसले.

कारण होतं, नंदीश. वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तू अक्कलकोटला गेलास, तेव्हा लॅब बघायला पाहुणे आले होते. सर मला म्हणाले, "यांना जरा तेलाची चमक दाखवा की." बाटलीत ती खुलून दिसेना. मी तुझं सील तोडलं, तेल पसरट भांड्यात ओतलं, वर जांभळा दिवा धरला. सगळे वा वा म्हणाले, माझा फोटोही काढला. मग तेल परत ओतलं, नायट्रोजन न भरताच झाकण लावलं आणि तुझ्या नावाची पट्टी पुन्हा चिकटवली. कुठली बाटली उघडली ते सरांना माहीत नव्हतं. मला होतं.

तुझाही राग येतो. भांडला असतास, तर मला बोलावंच लागलं असतं. तू डबा उचललास आणि गेलास.

पुढच्या महिन्यात माझी नेमणूक कायम होईल. सरांना मी काही सांगणार नाही. हे पत्र कुणाला दाखवलंस, तर माझं नाही म्हणेन.

मग लिहिते कशाला? आपलं कुठे चुकलं, म्हणून तू अजून डोकं खात असशील. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

तुझी,
नाव लिहायची हिंमत नाही.