पाव दराचा फोन

शुक्रवार, १२ ऑगस्ट १९९४, जळगाव

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घरच्या एसटीडी कॉलसाठी प्रोग्रॅम केला होता. घरचा फोन की बूथ, दुपारचा पूर्ण दर की रात्री अकरानंतरचा पाव दर? उत्तर आलं, पाव दर. तेव्हापासून सुरतेला दिलेल्या ताईला आम्ही रात्रीच फोन करतो. कॉलही आपोआप लहान झाले, नऊ मिनिटांवरून दोनवर. तीही मी बचतच धरली.

आज जेवताना आईला त्या बचतीच्या हिशेबाचा छापील कागद दाखवला. रागावली की तिच्या तोंडून थेट धुळ्याकडची बोली येते. "तुना कॉम्प्युटरले काय कयस? रातले तिनी सासू जोडेच बठेल ऱ्हास."

रात्री सासू जवळच बसलेली, आणि दोन मिनिटं. त्यात ताई काय बोलते? "हो. बरं आहे. ठेवू?" पूर्वी दुपारी, सासू देवळात गेली की ती मोकळं बोलायची. कधी रडायचीही. हे मला ठाऊक होतं. तरी ती दोन मिनिटं मला खटकली कशी नाहीत?

उद्या दुपारी एकला, पूर्ण दराने लावणार आहे. आधी एवढंच विचारायचं, एकटी आहेस ना?