पुंजाच्या पाया पडली ती

नाशिक, १२ जानेवारी २००२

प्रिय रूपाली,

गुरुवारच्या लेसर ऑपरेशनआधी हे लिहिणं भाग पडलं, कारण तू डॉक्टरांना खोटं सांगितलंस. वर्षभर नंबर बदलला नाही, म्हणे! दिवाळीत काचा बदलायला मेनरोडवर मीच तुझ्याबरोबर होते. उणे पाचाचे उणे सहा झालेले मी विसरलेले नाही.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. पहाटे मळ्यात गुलाब तोडताना दवाने काचा धुरकटतात, पावसात स्कूटीवर समोरचं दिसत नाही. ती कटकट सुटली तर चांगलंच. पण डोळे कोरडे पडू शकतात, काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. नंबर थांबलेला नसेल तर तो पुन्हा येतो, आणि बुबुळाचा घासलेला थर काही परत भरून येत नाही. मग एवढं करून नाकावर चष्मा आहेच.

घाई कशाची, तेही मला ठाऊक आहे. बघण्याच्या कार्यक्रमात तुझ्या आईने ऐन वेळी चष्मा काढायला लावला, आणि तू सगळ्यांत आधी पाहुण्यांच्या जीपच्या ड्रायव्हरच्या, पुंजाच्या पाया पडलीस. तो बिचारा ‘अहो ताई, मी गाडीवाला हाय!’ म्हणत पाय वर घेऊन बसला. सायखेड्याची मंडळी मात्र खूश. पोरगी ड्रायव्हरलाही मान देते, म्हणून तिथेच होकार! तेव्हापासून तुम्हा मायलेकींना एकच धास्ती: लग्नाआधी चष्मा गेला पाहिजे, त्यांना कळता कामा नये.

आज दुपारी नवरामुलगा, भारत, माझ्याकडे आला होता. एकटाच. उभ्याउभ्या पाणी प्यायला आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. त्यात तू इतके दिवस शोधत असलेला चष्मा! घाईत दिवाणावरच्या उशीमागे लपवलास, आणि तो नेमका तिथेच बसला. काडी वाकली, म्हणून घाबरून खिशात घातला. घरी आईला दाखवला, तर ती म्हणाली, ‘तरीच!’ आणि हसत सुटली. एवढं सांगून झाल्यावर मान खाली घालून त्याने मला विचारलं, ‘मावशी, त्या दिवशी मी तिला दिसलो तरी का?’ याचं उत्तर मी कसं देणार? डॉक्टरांना नंबर वाढल्याचं खरं सांग. बुधवारी तो पुन्हा माझ्याकडे येतो आहे, तूही ये. चष्मा लावून बस, नीट बघ, आणि तूच सांग.

तुझीच,
ज्योत्स्नामावशी

ता.क. तुझा भाऊ गोरक्ष याच्या हाती दिले: हे पत्र, दिवाळीचा नंबराचा कागद, आणि चष्मा एक, भारतने स्वतः सरळ केलेल्या काडीसह. काडी अजून जराशी वाकडीच आहे.