गाडीत अडकलेली पडेल कॅसेट

प्रिय साडूभाऊंना सप्रेम नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? (पट्टा कमरेला कमी आणि खुर्चीला जास्त असतो, हे मेहुणीबाईंकडून कळलं.) इकडे आम्ही सगळे धडधाकट. सासूबाई तर सगळ्यांत जास्त. कशा, तेच सांगायला बसलोय.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत कॅसेट अडकली, हे तुमच्या कानावर आलंच असेल. गायक तोच, ज्याच्या गाण्यावर माझ्या लग्नात तुम्ही टेबलावर चढून नाचला होतात. पण ही त्याची पडेल कॅसेट, दुकानदाराने दुसरीवर फुकट माझ्या गळ्यात मारलेली. ड्रम नाही, ठेका नाही. नुसता पियानो, आणि शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेताने गायलेली गाणी. मी बटणं दाबली, चिमट्याने ओढलं, शेवटी दोन बुक्क्या घातल्या. त्यात आवाज बंद करायचं बटण तेवढं तुटलं. मग काय, शिकाऊ मंडळींबरोबर दिवसभर तेच! पण ऐकता ऐकता ती गाणी अंगात मुरली हो. तिसऱ्या गाण्यात शेवटच्या ओळीआधी तो थांबतो आणि त्याची खुर्ची करकरते. एवढा मोठा गायक, पण ती करकर त्याने काढून टाकली नाही. तिथे माझ्या तोंडातून सूचना निघत नाही.

त्याच सुमारास सासूबाईंनी गाडी शिकायचं मनावर घेतलं. (सासरे गेल्यापासून त्या उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या, म्हणून मी लगेच हो म्हणालो.) स्टिअरिंग असं धरायच्या, जणू कुणी ते पळवून नेणार आहे. मी ओरडलो की त्या ब्रेक दाबायच्या, आणि ब्रेक दाबला की मी ओरडायचो. एकदा ते खुर्चीचं गाणं लागलं, मी गप्प झालो, आणि बाईंनी गाडी रिव्हर्समध्ये दोन खांबांच्या मधोमध अलगद लावली. म्हणाल्या, "हा माणूस घाई करत नाही बघा."

पुढे मेकॅनिकने कॅसेट सोडवून दिली आणि लायसन्सच्या परीक्षेला जाताना मी उत्साहात त्याची गाजलेली गाणी लावली. सासूबाई ठेक्यावर अशा सुटल्या की बेकरीची पाटी आडवी! बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला. मी माफी मागतोय, तर सासूबाई मलाच म्हणाल्या, "आधी ते बंद करा. माझी कॅसेट लावा." लावली, पाटी उभी केली आणि निघालो. परीक्षक शेजारी बसले, तिसरं गाणं आलं, कॅसेटमधली खुर्ची करकरली. मग त्यांनी हळूच विचारलं, "कोण गातंय हो?" मी नाव सांगितलं, तर त्यांना पटेना. सासूबाई पास झाल्या. येताना त्या गुणगुणत होत्या, म्हणून मी मुद्दाम लांबचा रस्ता सांगितला.

मेहुणीबाईंना नमस्कार, मुलांना पाठीत एकेक धपाटा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. येत्या रविवारी सासूबाई आमची जुनी गाडी स्वतः चालवत तुमच्याकडे राहायला येताहेत. फाटकाजवळच्या कुंड्या आत घ्या.

आणखी एक. त्यांना हवं तेवढं राहू द्या, पण त्या बरोबर आणतील ती कॅसेट मात्र ताबडतोब परत पाठवा. सगळी दुकानं पालथी घातली, दुसरी कुठेच मिळत नाही. एवढं लांबलचक पत्र लिहिलं ते त्यासाठीच.

अगदी शेवटचं. सासूबाईंनी मागे उभं राहून हे वाचलं. म्हणतात, कॅसेट येईल ती माझ्याबरोबरच. तेव्हा कृपा करून दोघींनाही लवकर पाठवा.