राउंडच्या आधी पुसलेलं तोंड

आई,

तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे आणि त्यातलं आजारपणाचं तेवढं गाळायचे, उगाच तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. तुला जाऊन बारा वर्षं झाली. आज मीच तुला लिहायला बसले आहे.

मिठागराच्या कडेच्या आपल्या घरात, चुलीमागे, खारातल्या कैऱ्यांची बरणी असायची. वर पांढरा पापुद्रा धरला की तू मिठाच्या पाण्यात फडकं पिळून तो अलगद पुसायचीस, मूठभर मीठ टाकायचीस आणि झाकण लावायचीस. ताईला बघायला पाहुणे आले, तू त्यांना कैरी वाढलीस, आणि मी शहाणी त्यांच्यासमोरच बोलून गेले, "काल हिच्यावर बुरशी होती." तू असा चिमटा काढलास की दंड आठवडाभर काळानिळा होता. पाहुणे गेल्यावर म्हणालीस, "घरातला घरात ऱ्हावा. पुसला की झाला. मिठाफुडं बुरशी टिकत न्हाय." झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी शाळेत नाही, त्या चिमट्यात शिकले.

मग एकावन्न साली तुझं आतडं फुटलं. मोरा बंदरातून लाँचने तुला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मला अजून तो वॉर्ड समोर दिसतो. तुझ्या शिरेत दिवसेंदिवस सलाइन चालू आहे, जंतू मारायची जालीम औषधं चालू आहेत, आणि ताप उतरून पुन्हा चढतो आहे. पाचव्या सकाळी तुझ्या जिभेवर, गालांच्या आत, पांढरे थर दिसतात. तू शेजारच्या खाटेवरच्या मुंबईच्या बाईकडे बघतेस आणि मला जवळ ओढतेस. "डाक्तर येयाच्या आदी माजा तोंड पूस. मिठागरातली मानसा घानेरडी, आसा बोलतील." मी मिठाच्या पाण्यात फडकं पिळते आणि पुसते. रोज, राउंडच्या आधी. आठव्या दिवशी तू म्हणतेस, "पोरी, पानी गिलवत न्हाय." मी तुला गप्प करते, कारण डॉक्टर दारात आलेले असतात. तोंड कसं स्वच्छ दिसत होतं तुझं! मला त्याचा अभिमान वाटला होता, आई.

तू अकराव्या दिवशी गेलीस. रक्ताच्या तपासणीचा कागद त्यानंतर आला. कागदपत्रं घ्यायला गेले तेव्हा वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरांनी मला बसवलं. म्हणाले, "रक्तात बुरशी होती. औषधांनी जंतू मेले आणि तिला रान मोकळं मिळालं." बुरशी लोणच्याला लागते, भाकरीला लागते. माणसाच्या रक्ताला? मग त्यांनी विचारलं, "तोंडात पांढरं काही दिसलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

त्या एका शब्दाने मला नर्स केलं. लोक समजतात, सेवेची आवड. आता मला माहीत आहे की तुझं काही जगावेगळं झालं नव्हतं. पोटाचं ऑपरेशन, लांबलेलं सलाइन, औषधांवर औषधं आणि न उतरणारा ताप, अशा खाटांवर ही बुरशी पुन्हा पुन्हा भेटते, आणि पुष्कळदा माणूस गेल्यावरच तिचा पत्ता लागतो. रक्तात पोचली की फार थोडी माणसं स्वतःच्या पायांनी घरी जातात. तेव्हा तर तिच्यावर औषधही हाताशी नव्हतं, डॉक्टरांना दिसलं असतं तरी तू वाचली असतीस असं नाही. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं आहे. पण ती जंतू मारायची औषधं त्यांनी थांबवली असती का, घशात निदान थोडा आराम पडला असता का? शेवटचे तीन दिवस तू घोटभर पाण्यावाचून तळमळलीस, आणि मी फडकं धुवत होते.

काल वॉर्डात चौलकडची एक मुलगी आईचं तोंड पदराने पुसत होती. राउंड यायचा होता. मी तिचा हात धरला, जरा जोरातच धरला. "पुसू नकोस. जे आहे ते डॉक्टरांना बघू दे." डॉक्टरांनी बघितलं, रक्त तपासायला पाठवलं, नवं औषध मागवलं. ते औषधही अंगाला कठीण जातं, ती बाई तगेल की नाही, कोणी सांगू शकत नाही. मुलीने विचारलं, "सिस्टर, तुम्हाला कसं कळलं?"

"पुस्तकात असतं," मी म्हटलं.

हे पत्र कुठे पाठवणार? तू असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि खरं सांगते आई, डॉक्टरांना दिलेलं ते उत्तर मी तेवढं गाळलं असतं.