आबांची कोची

५ जानेवारी २०२५

आबा नाही म्हणाले! कोचीची तिकिटं हातात ठेवली, तर म्हणे, "काहून काढली? मला इचारायचं तरी!"

मला वाटलं होतं, ऐकून उडीच मारतील. हिंगोलीतलं शिलाईचं दुकान दुपारीच बंद केलं, लग्नाचे ब्लाउज तसेच टाकले आणि मुद्दाम आबांकडे शिरड शहापूरला गेले. आणि आबा ओट्यावर बसून चष्मा पुसत राहिले! "मी पाह्यलेलं हाय समदं. आता पाय दुखतेत. तू आन् राम जा." राम, माझा भाऊ— शेळ्या सोडून त्याला हिंगोलीला यायचं जिवावर येतं, तो कोचीला जाणार!

आई आतून म्हणाली, "लेक न्हेऊन राहिली तर जावं माणसानं." तिचे गुडघे चालत नाहीत. तिचं तिकीट तिनंच काढू दिलं नाही.

७ जानेवारी

राग अजून गेलेला नाही. मशीनवर बसले की लहानपण आठवतं आणि टाका चुकतो.

आबा यात्रेच्या बसवर आचारी होते. पौषात वारंग्याच्या फाट्यावरून बस निघायची— तिरुपती, रामेश्वर, कन्याकुमारी, आणि परतताना कोची. आबा घरी आले की आम्ही दोघं त्यांना चिकटायचो. तिरुपती-रामेश्वर नको असायचं आम्हाला, देव काय जवळच औंढ्यातही होता. आम्हाला कोची हवी! तिथं देव नाही, नुसतं बघायचंच असतं, हे केवढं नवल वाटायचं.

मग आबा सुरू व्हायचे. समुद्राच्या काठाला चिनी जाळी. "येवढी मोठी, आपल्या घरावर टाकली तर गोठ्यासगट झाकल! आन् वढणारे बी समदे चिनी." राम विचारायचा, चिनी कसे दिसतात? आबा बोटांनी डोळे ताणून दाखवायचे. मग ज्यू लोकांचं देऊळ, तिथली निळी फरशी— एकीसारखी दुसरी नाही. मग चर्च, आणि तिथं झोपलेला वास्को द गामा. शाळेत बाईंनी त्याचं नाव घेतलं तर मी ताडकन उभी राहिले. "माझ्या आबांनी त्याला पाह्यलंय!" अख्खा वर्ग हसला. मला काही वाटलं नाही. त्यांच्या आबांनी काय पाहिलं होतं? परभणी!

आई चुलीपुढं बसून ऐकायची. दरवर्षी तिचा एकच प्रश्न. "मंग समुद्राचं पाणी कसं लागतं वो पायाला?" आबा म्हणायचे, "कोमट. धारोष्ण दुधावानी."

घर असं उबदार व्हायचं तेव्हा! पुन्हा कधी तसं झालं नाही.

९ जानेवारी

रामचा फोन. आबा तयार! आईनं काय सांगितलं कोणास ठाऊक.

१२ जानेवारी, गाडीत

आबा खिडकीशी बसलेत. धपाट्यात ओवा कमी आहे, एवढं एकच बोलले सकाळपासून. (कमी होता. आचाऱ्यासाठी डबा करणं म्हणजे परीक्षाच.)

दुपारी एकदम विचारलं, "तिथं गाईड असतो का गं?"

"असतो. काहून?"

"नसला तर बरं. मी सांगतो की."

मला बरं वाटलं. म्हटलं, कळी खुलली बघा.

१४ जानेवारी, कोची

आज संक्रांत. आईनं दिलेले तिळाचे लाडू खाऊन निघालो. बोटीतून पलीकडे गेलो. मी तर वेडीच झाले! मला वाटलं होतं, आबा हाताला धरून पुढे पुढे ओढतील. ते माझ्या मागून चालत होते. "कुठून जायचं आबा?" विचारलं की, "लई बदललं गं."

जाळी खरंच तेवढी मोठी. वर जाताना पाणी निथळतं, ते उन्हात चमकतं. ओढणारे लुंगीवाले, काळेसावळे, आपल्यासारखेच. आबा बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चिनी गेले वाटतं."

मी पोट धरून हसले. ते हसले नाहीत.

चर्चमध्ये वास्को द गामाच्या थडग्यापाशी पोचलो. दुसऱ्या मंडळींचा गाईड हिंदीत सांगत होता, "ये तो खाली है. बॉडी कब की पुर्तगाल ले गये, चार-पाचसौ साल हुए." मी आबांकडे पाहिलं. ते खाली फरशीकडे बघत होते.

"आमच्या टायमाला व्हता," म्हणाले.

मला वाटलं, गंमत करताहेत. पण टोपी हातात घेतली होती आणि ती उगाच घड्या घालून उलगडत होते. मग मीही हसणं गिळलं. म्हातारपण! वर्षं किती झाली, माणूस विसरतो.

ज्यूंच्या देवळात मात्र फरशी अगदी सांगितली तशीच. निळी, प्रत्येकीवर वेगळं चित्र. मी कापडाची नक्षी बघणारी बाई, मला सोडवेना. वळून बघते तर आबा उकिडवे बसलेले. एका फरशीवर बोट फिरवलं, मग शेजारच्या.

"खरंच येगळी येगळी हाय गं," म्हणाले.

खरंच? हा शब्द काही डोक्यातून जात नाही. लहानपणी मला ज्यांनी सांगितलं, तेच म्हणतात— खरंच?

१५ जानेवारी, कोची

आज आबा आपणहून म्हणाले, "येक जागा दाखिवतो, चल."

आणि पुढे चालायला लागले! काल माझ्या पदराआड लपल्यासारखे चालणारे. मसाल्याच्या गोदामांची गल्ली, हळदीचा वास— थेट आपल्या हिंगोलीच्या मोंढ्याच्या बाजारासारखा. डावीकडे वळले, उजवीकडे वळले, कुणाला विचारलं नाही. एक जुना हॉल. त्याच्या मागचं अंगण. विहिरीवर लोखंडी जाळी टाकलेली, फणसाचं झाड, भिंतीचा एक कोपरा अजून काळा.

"ही माझी चूल. वारा तिकडून यायचा, म्हून तोंड हिकडं. हितं पोळ्या लाटायच्या. पाऊस आला तर त्या पत्र्याखाली." अंगणात असे फिरत होते, जणू घरातच आहेत. दोन भिंतींच्या मधल्या फटीतून पाण्याची एक पट्टी दिसत होती. तिथं जाऊन उभे राहिले. "हितून जहाजाचं धुराडं दिसायचं. भोंगा वाजला की मी यायचो पळत. तवर भाजी लागायची खाली!"

मग माझ्याकडे न बघताच पुढचं सांगायला लागले.

"देवाच्या गावाला आचाऱ्यालाबी न्ह्यायचे. दर्शन चुकवू नये म्हून. हितं देव न्हाई. मंडळी न्याहारी करून जायची ती जेवायला यायची. पुन्हा जायची ती सांजच्याला यायची. जेवता जेवता बोलायची, आज हे पाह्यलं, ते पाह्यलं. मी वाढता वाढता ऐकायचो. लई चांगलं सांगायची एकेक माणसं."

म्हणजे माझी अख्खी कोची या अंगणातली! चिनी, वास्को, निळी फरशी— सगळं पंगतीत ऐकलेलं. मला फसवल्यासारखं वाटायला हवं होतं. पण डोळ्यांपुढं आलं ते वेगळंच. हातात पळी, कान मंडळींच्या बोलण्याकडे, आणि घरी दोन लेकरं वाट बघतात म्हणून एकेक गोष्ट जपून ठेवणारा माणूस. म्हणून यायचं नव्हतं त्यांना. मी पाय दुखतात ते खरं धरून बसले.

म्हटलं, "चला आबा, समुद्रावर जाऊ. दाखवा मला."

"तूच दाखीव, दीपे."

गेलो. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, माझा दंड घट्ट धरला. लाट आली तसे दचकले. मग खाली वाकून पाण्यात हात घातला आणि इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारचं पोरगं वळून बघायला लागलं—

"कोमटच हाय की गं!"

मी रडले. समुद्रावर बरं असतं, तोंड ओलं असलं तरी कुणी काही म्हणत नाही.

१६ जानेवारी, परतीच्या गाडीत

खिडकीतून बाहेर बघत आबा म्हणाले, "तुझ्या आईला..." आणि थांबले.

"काय सांगायचं आईला?"

"कायबी नको सांगू. तिला लई खरं वाटतं ते समदं. तेवढं राहू दे."

हो म्हटलं. त्यांनी म्हटलं नसतं तरी सांगितलं नसतं.

१९ जानेवारी, शिरड शहापूर

काल घरी पोचल्याबरोबर आबांनी सांगायला घेतलं. सगळं जुनंच! चिनी परत आले, वास्को परत झोपला. मी मान हलवत बसले. आईही.

आज सकाळी आबा रामबरोबर शेळ्यांकडे गेले. आई धुण्याच्या दगडाशी बसली. पिशवीतला आबांचा पायजमा काढून दुमड उलगडली, तर दगडावर वाळू सांडली. आई बघतच राहिली.

"पहिल्यांदाच," म्हणाली.

"काय पहिल्यांदाच?"

"वाळू. दर साली मीच धुवायचे की कापडं. तेलाचे डाग, हळदीचे डाग. वाळूचा येक कण कधी निघाला न्हाई." वाळू ओंजळीत घेतली. "त्यांला सांगू नको. सांगताना लई खुशीत असतेत."

फाटक वाजलं. आबा परत आले होते. आईनं मूठ मिटली, पदराआड केली आणि विचारलं, "मंग समुद्राचं पाणी कसं लागतं वो पायाला?"